बाबासाहेब कोर्टात उभे राहिले, आपण माईकसमोर बसायला का लाजतो?



लैंगिक आरोग्यावर तरुणांसाठी पॉडकास्ट काढावा, तो आपल्या वस्तीतल्या पोरापोरींनी काढावा आणि त्याला विहाराची, जयंती मंडळाची, युवा संघटनेची उघड साथ असावी, एवढं साधं म्हणणं मांडलं तरी आपल्याच बैठकीत खुर्च्या सरकू लागतात. कुणी मोबाइलमध्ये डोकं घालतं. कुणी 'महिला आघाडीने घ्यावा तो विषय' म्हणून हात झटकतं. आणि मग एखादे ज्येष्ठ कार्यकर्ते ठेवणीतलं वाक्य काढतात, 'ताई, हा चळवळीचा विषय नाही.'

या लेखाचं भांडण त्या वाक्याशी आहे. हा विषय चळवळीचा नाही, हे ठरवलं कुणी? बाबासाहेबांनी तर नक्कीच नाही.

१९३४ चं वकीलपत्र

ज्या १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि वर्षाच्या शेवटी मनुस्मृती जाळली गेली, त्याच वर्षी जुलैमध्ये र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक अज्ञान यांवर ते उघडपणे लिहीत. वाचक पत्रातून आपल्या खासगी अडचणी विचारत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरं देत. सनातन्यांनी त्यांच्यावर खटले भरले. १९३४ च्या खटल्यात तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरवली गेली होती. तेव्हा कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

तो काळ आठवा. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. नाशिकचा काळाराम सत्याग्रह चालू होता. पुढच्याच वर्षी येवल्याची घोषणा व्हायची होती. एवढ्या धामधुमीत बाबासाहेबांनी एका बदनाम मासिकाचं वकीलपत्र घेतलं. कर्वे जन्माने चित्पावन. त्यांच्या खटल्यात आपल्या समाजाची मतं नव्हती, मान नव्हता, पैसाही नव्हता. होतं ते एक तत्त्व. माणसाने आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारला तर त्याला शास्त्राच्या आधाराने उत्तर मिळालं पाहिजे, ही त्या बचावाची दिशा होती. समलैंगिकतेचा मुद्दा निघाला तेव्हा बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधार घेतला. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते, हे इतिहासात नोंदलं गेलं.

हे एकदाच घडलं असंही नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला, त्यावरचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर त्यांनी दुसरं मूल होऊ दिलं नसतं, या आशयाचा टोला त्यात आहे. जयंतीच्या व्यासपीठावर घटना, पाणी, वीज, रिझर्व्ह बँक सगळं येतं. हे भाषण मात्र येत नाही. का येत नाही, याचा विचार व्यासपीठावर बसणाऱ्यांनी करावा.

जात टिकते ती अंथरुणावरच्या पहाऱ्यामुळे

'आधी शिक्षण, नोकरी, अ‍ॅट्रॉसिटी, मग हे' असा एक युक्तिवाद असतो. वरवर तो खरा वाटतो. पण बाबासाहेबांचा ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेला 'भारतातील जाती' हा निबंध ज्यांनी वाचला आहे, त्यांना तो पटू नये. जातीचा गाभा अंतर्विवाह आहे, असं बाबासाहेबांनी त्यात मांडलं. जातीच्या आत लग्नं कोंडून ठेवायची तर स्त्रीपुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. म्हणून नवरा मेलेली बाई जाळायची किंवा तिच्यावर सक्तीचं वैधव्य लादायचं, आणि बायको मेलेल्या पुरुषासाठी कोवळी मुलगी आणायची. सती, वैधव्य, बालविवाह या प्रथा जातीच्या यंत्राचे सांधे आहेत. म्हणजे कोणी कोणावर प्रेम करावं, कोणाशी संबंध ठेवावा, मूल कधी व्हावं, यावरच्या पहाऱ्यावर जात उभी आहे. मग शरीराचं ज्ञान तरुणांच्या हाती देणं हे जातीअंताच्या कामाबाहेरचं कसं?

वर्तमानात या. २०१४ मध्ये खर्ड्याला नितीन आगे हा सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला, तो वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. आपण मोर्चे काढले, काढायलाच हवे होते. पण ज्या वयात आपली मुलं प्रेमात पडतात, त्या वयात त्यांच्याशी प्रेम, संमती, धोका आणि कायदा यांवर बोलणारं आपल्याकडे कोण आहे? मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तिची संमती कायदा मानत नाही, हे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं साधं कलम वस्तीतल्या पोरांना कळतं ते अटक झाल्यावर. जोडपं पळून गेलं, मुलगा आपला आणि मुलगी वरच्या जातीची असली, की फिर्याद किती तत्परतेने दाखल होते, हे या कामात असलेला प्रत्येक कार्यकर्ता जाणतो.

आता बीडकडे बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीत खाडा झाला की पैसे कापले जातात, मुकादमाची उचल अंगावर असते, फडात आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई खासगी दवाखान्यात गेली की तिला कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढायची. या लुटीत मुकादम आहे, कारखाना आहे, डॉक्टर आहे. आणि या सगळ्यांना सोयीचं असं त्या बाईचं अज्ञानही आहे. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सरच असं नव्हे, अनेकदा तो औषधाने बरा होणारा संसर्ग असतो, एवढं एक वाक्य तिच्या कानावर वेळेत पडलं असतं तर? हा आरोग्याचा प्रश्न आहे, मजुरीचा आहे आणि जातीचाही आहे. तिन्ही एकाच शरीरात आहेत.

आकडे हवेत तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे घ्या. ती २०१९ ते २०२१ या काळातली. एचआयव्हीची नीट, संपूर्ण माहिती देशात फक्त २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांना होती. फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातल्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. देशभरात कुटुंबनियोजनात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती, पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, टाकेही जवळपास नाहीत, तरी चाकू बाईच्याच पोटावर. यालाच जातपितृसत्ता म्हणतात.

बदनामीची भीती

विरोधातला सगळ्यात गंभीर मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी टाळणार नाही. आपल्या आयाबहिणी सांगतात, 'आधीच आमच्या बाईला उपलब्ध समजतात. आम्हीच सेक्सवर बोलायला लागलो तर आणखी चिखल उडेल.' ही भीती हवेतली नाही. मुरळी, जोगतिणी, तमाशातल्या बाया यांच्या शरीरावर गावाने हक्क सांगितला आणि 'अश्लील' हा शिक्काही त्यांच्याच कपाळावर मारला. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या ग्रंथात तमाशाच्या अभ्यासातून हेच उलगडून दाखवलं आहे. अश्लीलता ठरवण्याचा अधिकार जातीकडे असतो. चैन करणारा पाटील रसिक, नाचणारी बाई चवचाल.

म्हणूनच उलट विचार करा. आपण गप्प राहिलो म्हणून बदनामी थांबली का? शतकानुशतकं आपल्या बाईच्या शरीराबद्दल सगळे बोलले, बोलली नाही ती फक्त ती. तिने तोंड उघडणं म्हणजे बदनामीला निमंत्रण नव्हे, तो बदनामीला जबाब आहे. फक्त एक पथ्य आहे. बोलण्याची सूत्रं तिच्या हाती हवीत. तिची गोष्ट दुसऱ्याने चवीने सांगायची नाही, तिच्या संमतीशिवाय सांगायची नाही, आणि तिने नको म्हटलं तर रेकॉर्डिंग पुसायचं.

'आपण बौद्ध आहोत, आपल्याला शील आहे' हा दुसरा आक्षेप. आहेच. पंचशीलातलं तिसरं शील व्यभिचारापासून, कामाच्या गैरवापरापासून दूर राहायला सांगतं. पण गैर काय ते समजायला आधी योग्य काय ते कळायला नको? जबरदस्ती, फसवणूक, लहान मुलावरचा अत्याचार, आजार लपवून ठेवलेला संबंध, हे मिथ्याचार आहेत. ते ओळखायला संमती म्हणजे काय, हे शिकावं लागतं. शील पाळायचं तर ज्ञान लागतं, अज्ञानातून निघते ती नुसती भीती. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, तपासून घ्या असं सांगितलं. आपल्या पोरांच्या कानावर आज पडणारी ऐकीव माहिती कोणती आहे? एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेली 'गुप्तरोग, नामर्दी, खात्रीशीर इलाज' अशी जाहिरात आणि फोनमधला पॉर्न. पहिली पैसे लुटते. दुसरा बाईच्या 'नाही'ला 'हो' समजायला शिकवतो. विहारात आपण गप्प बसलो की शिकवणी या दोघांकडे जाते.

सरकारकडे बोट दाखवायचं तर जरूर दाखवा. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळेतलं किशोरवयीन लैंगिक शिक्षण बंद पाडलं. कारण काय, तर संस्कृती बिघडते! युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं की, असं शिक्षण दिल्याने मुलांचे लैंगिक व्यवहार वाढत नाहीत आणि धोकेही वाढत नाहीत. तरी आपल्या शाळेत शास्त्राचा तो धडा 'घरी वाचून या' म्हणून उलटला जातो. सरकारची 'किलकारी' योजना गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोनवर ध्वनिसंदेश पाठवते. चांगलंच आहे. पण गंमत बघा, दिवस गेल्यावर सरकार फोन करतं, दिवस जाण्याआधी मात्र कुणीच बोलत नाही.

पॉडकास्ट आहेत, पण कोणाचे?

'मराठीत आहेत की असे पॉडकास्ट' असंही ऐकू येतं. आहेत, आणि त्यांतलं काही काम खरोखर चांगलं आहे. पुण्याच्या 'तथापि' संस्थेने लैंगिकतेवर मराठीतून संकेतस्थळ चालवलं, पॉडकास्ट केला. त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण एकूण मराठी पॉडकास्टची बैठक बघा. सोफा, कॉफीचा मग, दोन सुशिक्षित मित्र आणि पाहुण्या म्हणून शहरातल्या डॉक्टर. चर्चा काय, तर जोडप्याने एकमेकांना वेळ कसा द्यावा, बेडरूममध्ये संवाद कसा साधावा. अहो, आमच्याकडे बेडरूम कुठे आहे? दहा बाय दहाच्या खोलीत सासूसासरे, दोन पोरं आणि नवराबायको झोपतात. तिथे लैंगिक सुखाचा पहिला प्रश्न भिंतीचा असतो. वसतिगृहात राहणाऱ्या पोरीला पाळीत पॅड टाकायला जागा नाही. एचआयव्हीची औषधं चालू असलेल्या बापाच्या मुलाला वस्तीत कुणी पाणी देत नाही. 'तुमची जात कोणती' हा प्रश्न प्रेमात कधी येतो, हे त्या सोफ्यावर कुणी विचारत नाही, कारण तिथे बसलेल्यांना तो विचारावा लागत नाही.

दोष त्या बोलणाऱ्यांचा नाही. ते त्यांच्या जगातून बोलतात. दोष आपला, की आपण आपल्या जगातून बोलत नाही.

हे माध्यम आपलंच आहे

कान हे आपलं जुनं शस्त्र आहे. बुद्धवचन आधी शेकडो वर्षं तोंडातून कानात गेलं आणि मग ताडपत्रावर आलं. ज्यांना अक्षर नाकारलं त्यांच्यापर्यंत आंबेडकरी विचार पोचवला तो भीमराव कर्डकांच्या जलशाने, वामनदादांच्या गाण्यांनी, पुढे कॅसेटने. जलसा, कॅसेट आणि आता मोबाइल, ही एकच वाट आहे. बाहेरचं उदाहरण हवं असेल तर तेलंगणातल्या माचनूर गावी २००८ मध्ये सुरू झालेला 'संघम रेडिओ' बघा. खेड्यातल्या दलित बाया स्वतः तो चालवतात, स्वतः रेकॉर्ड करतात, आपल्याच बोलीत बोलतात. त्यांनी कुठल्या स्टुडिओची वाट पाहिली नाही.

लैंगिक विषयाला आवाजाचं माध्यम विशेष मानवतं. व्हिडिओत चेहरा दिसतो, बोलणारी व्यक्ती ओळखू येते. नुसत्या आवाजात ओळख झाकता येते, नाव बदलता येतं, प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून वाचता येतो. ऐकणारा बसमध्ये, कंपनीच्या पाळीत, भांडी घासताना ऐकू शकतो, आणि वाचता आलं नाही तरी अडत नाही.

पण अडचणीही नीट समजून घेऊ. त्याच पाहणीनुसार स्वतः वापरायचा मोबाइल देशात ५४ टक्के स्त्रियांकडेच होता, आणि कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के. म्हणजे स्पॉटिफायवर टाकून मोकळं होता येणार नाही. पोरीच्या हातातला फोन भावाचा असतो आणि तो काय ऐकलं ते तपासतो. म्हणून भागाचं नाव साधं ठेवा, चित्रावर काही भडक नको. वीस मिनिटांचा भाग ३२ केबीपीएसच्या मोनो आवाजात पाच एमबीच्या आत बसतो, तो व्हॉट्सअ‍ॅपवर सहज जातो, साध्या मेमरी कार्डातही मावतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सामूहिक श्रवण. रविवारी वंदनेनंतर मुलींचा गट वेगळा, मुलांचा वेगळा, वीस मिनिटं ऐकायचं आणि चाळीस मिनिटं बोलायचं. प्रश्नांसाठी कुलूपबंद डबा, नाव न लिहिता चिठ्ठी. कर्वे पत्रांना उत्तरं द्यायचे, आपण चिठ्ठ्यांना देऊ.

काय बोलायचं?

पहिल्या भागात लाज मोडायची. अवयवांना शिव्यांतून नव्हे, त्यांच्या नावाने ओळखायचं. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, हस्तमैथुनाने शक्ती जात नाही, पाळी विटाळ नाही. मग संमती: दडपणाखालचं 'हो' हे 'हो' नसतं, लग्नानंतरही नसतं. मग साधनं: सरकारी दवाखान्यात निरोध फुकट मिळतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत जितकी लवकर घ्याल तितकी चांगली, पण ती रोजची पद्धत नव्हे. एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता असलेला प्रसंग घडला तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिबंधक औषधं आहेत. चाचणी आणि समुपदेशन मोफत आहे, १०९७ वर फोन करता येतो. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत, तिथे जाऊन विचारा, चालू नसेल तर चालू करायला भाग पाडा.

मग कायदा: पॉक्सो काय आहे, गर्भपाताचा कायदा काय सांगतो. कायद्याच्या अटींत अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बाधित माणसाशी भेदभाव करणं बेकायदा ठरवलं आहे. २०१८ मध्ये समलैंगिक संबंध गुन्ह्यातून बाहेर आले, तरी आपल्या वस्तीतला समलैंगिक पोरगा आणि तृतीयपंथी अजून एकटेच आहेत. एक भाग त्यांच्या आवाजात असलाच पाहिजे. बाबासाहेबांनी १९३४ मध्ये ज्या विषयावर कोर्टात तोंड उघडलं, त्यावर आपण आज नाक मुरडणार असू तर निळा झेंडा खांद्यावर घेण्यात अर्थ काय?

वैद्यकीय माहिती प्रत्येक वेळी डॉक्टरांकडून तपासून घ्या. अल्पवयीन मुलाने अत्याचार सांगितला तर तो रेकॉर्ड करायचा विषय नाही, तिथे तात्काळ १०९८ आणि कायदेशीर मदत. बोलणाऱ्यांत एक परिचारिका, एक आशाताई, एक वकील आणि बाकी वस्तीतली तरुण मंडळी असावीत. भाषा वऱ्हाडी, मराठवाडी, मुंबईची, जी असेल ती. शुद्ध मराठीची परीक्षा नको.

खर्चाचं रडगाणं नको. एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात माईक येतो आणि वर्षभराचं काम उभं राहतं. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोराला आपण हजार वॅट ऐकवतो आणि त्याच्या मनातला एक प्रश्न ऐकत नाही.

२०२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात आणि त्याच वर्षी 'समाजस्वास्थ्य'लाही. चवदार तळ्यावर लाखोंची गर्दी होईल, हार पडतील, भाषणं होतील. पाण्यावरचा विटाळ आपण महाडला झुगारला. शरीरावरचा विटाळ अजून आपल्याच घरात, आपल्याच मुलींच्या पाळीत, आपल्याच मुलांच्या मुक्या प्रश्नांत बसलेला आहे. तो झुगारायला तळ्यापर्यंत जायची गरज नाही. पुढच्या रविवारी विहारात चटई टाका, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि पहिली चिठ्ठी मोठ्याने वाचा. ज्यांना हा चळवळीचा विषय वाटत नाही, त्यांनाही बोलवा. त्यांनी नुसतं ऐकलं तरी पुरे.

जय भीम! नमो बुद्धाय!